रोहिणीचा गाडा: ग्रहकथेवरून जगातल्या घटना वाचताना

बृहत्संहितेत वराहमिहिराने एक भयंकर विधान केलं आहे. शनी, मंगळ किंवा केतू (काही पाठांत चंद्र) यांपैकी कोणीही रोहिणीचा शकट म्हणजे गाडा भेदला, तर सगळं जग क्षयाला जातं. मेदिनीय ज्योतिष, म्हणजे देशांच्या आणि जगाच्या घटनांचं ज्योतिष, शिकणाऱ्याने सुरुवात या विधानापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कथा, आकाश आणि गणित या तिन्ही गोष्टी यात एकत्र आल्या आहेत, आणि माणूस जिथे जिथे चुकतो त्या सगळ्या जागाही.

आधी कथा. शनी कृत्तिकेच्या शेवटाला पोचलाय आणि आता रोहिणीचा गाडा फोडून पुढे जाणार, असं ज्योतिषी दशरथाला सांगतात. तसं झालं तर बारा वर्षं दुष्काळ. वसिष्ठांनाही उपाय दिसत नाही. तेव्हा दशरथ स्वतः रथात बसून नक्षत्रमंडळात जातो आणि धनुष्यावर संहारास्त्र चढवून शनीसमोर उभा राहतो. शनी त्याच्या धैर्यावर प्रसन्न होतो आणि गाडा न फोडण्याचा वर देतो.

आता आकाश. वृषभेच्या तोंडाशी ताऱ्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो, तोच हा गाडा. त्यातला तांबूस ठळक तारा म्हणजे रोहिणी. तो क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, सुमारे ५ अंश २८ कला दक्षिणेला आहे (६० कला म्हणजे एक अंश). व्हीच्या उत्तरेकडच्या टोकाचा तारा सुमारे २ अंश ३४ कला दक्षिणेला. म्हणजे एखाद्या ग्रहाला गाड्यात शिरायचं असेल, तर त्या जागी त्याचा दक्षिण शर (क्रांतिवृत्तापासून दक्षिणेकडचं अंतर) साधारण २ अंश ३५ कलांपेक्षा जास्त हवा. सूर्यसिद्धांतानेही अट अशीच घातली आहे: वृषभेचा सतरावा अंश आणि दोन अंशांहून अधिक दक्षिण शर.

हे मोजायला घेतलं की कथेचा रंग बदलतो. शनी हल्ली रोहिणीपाशी येतो तेव्हा त्याचा दक्षिण शर फार तर दोन अंशांच्या आसपास जातो. तो गाड्याच्या दारावरून जातो, आत शिरत नाही. मंगळ तर तिथून क्रांतिवृत्ताच्या अगदी जवळून किंवा उत्तरेने जातो. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ च्या ग्रहलाघवात हे स्वच्छ सांगून ठेवलं आहे: मंगळ-शनींचा शकटभेद युगांतरी होत असेल, सध्याच्या पातस्थितीत (ग्रहाची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते, त्या बिंदूंच्या जागी) होत नाही. चंद्राबद्दल मात्र ते म्हणतात की राहू, म्हणजे चंद्राचा पात, पुनर्वसूपासून आठ नक्षत्रांत असेल तोवर चंद्र गाडा भेदतच असतो. शराचं साधं त्रिकोणमितीचं गणित आज करून पाहिलं तरी हीच आठ नक्षत्रं येतात, पुनर्वसू ते चित्रा. पाचशे वर्षांपूर्वीच्या या नेमकेपणापुढे मान झुकते.

याचा अर्थ, राहूच्या साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात सुमारे साडेपाच वर्षं चंद्र दर महिन्याला शकटभेद करतो. अलीकडे हा काळ २०१४ ते २०१९ असा होता. त्यातही जानेवारी २०१५ ते सप्टेंबर २०१८ या काळात चंद्राने दर फेरीत प्रत्यक्ष रोहिणीचा ताराच झाकला. जगाचा क्षय झाला नाही. दक्षाच्या सत्तावीस मुलींपैकी चंद्राचा जीव रोहिणीवर, बाकीच्या रुसल्या, आणि दक्षाने क्षयाचा शाप दिला, ही कथा ज्यांनी रचली त्यांनी हे झाकणं डोळ्यांनी पाहिलं असावं असं मला फार वाटतं. सत्तावीस नक्षत्रांच्या मुख्य ताऱ्यांत इतका तेजस्वी आणि चंद्राच्या मार्गात येणारा तारा रोहिणीइतका दुसरा नाही.

मग कथा फेकून द्यायची का? नाही. कथा काय सांगते आणि काय सांगत नाही, हे वेगळं करायचं. ग्रहकथा घटनेची जात सांगते. ती कधी घडेल हे गणित सांगतं. किती मोठी असेल, हे कथेतून कधीच काढू नये. तिथे पुराणकाराचा आवाज चढलेला असतो. शनी रोहिणीत एका फेरीत जेमतेम तेरा महिने असतो, कथेत दुष्काळ मात्र बारा वर्षांचा आहे.

घटनेची जात कशी काढायची, ते याच कथेवर करून पाहू. नवशिके इथे एक विशेषण उचलतात: शनी म्हणजे दुःख. झालं. असं वाचन काही कामाचं नाही, कारण दुःख जगात रोजच असतं. कथेतली पात्रं, वस्तू आणि क्रियापदं वेगवेगळी लिहून काढा. रोहिणीची देवता प्रजापती, म्हणजे उगवणं, वाढणं, प्रजा. वस्तू आहे गाडा, शेत नव्हे. क्रिया आहे फोडणं, जाळणं किंवा बुडवणं नव्हे. संकटासमोर उभा राहणारा आहे राजा. आणि शेवट आहे तडजोडीचा, युद्धाचा नव्हे. आता या सगळ्याला एका वाक्यात बसवा: धान्य वाहून नेणारी व्यवस्था मोडते आणि राज्यकर्त्याला स्वतः उतरावं लागतं. पाऊस न पडणं हा त्याचा एक प्रकार झाला, एकमेव नाही.

हे वाक्य घेऊन शनीच्या मागच्या तीन फेऱ्या तपासा. निरयन मानाने (स्थिर ताऱ्यांपासून मोजलेल्या राशींनी) शनी १९४२ च्या मध्यापासून १९४३ च्या मध्यापर्यंत रोहिणीत होता. त्याच १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या मोठ्या नावा ताब्यात घेतल्या, भाताचे साठे हलवले, आणि १९४३ मध्ये बंगालचा भीषण दुष्काळ पडला. तिथे धान्य पिकण्यापेक्षा धान्य माणसापर्यंत पोचणं मोडलं, असं त्या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या अनेकांचं म्हणणं आहे. पुढची फेरी १९७१-७२. जुलै १९७२ मध्ये शनी रोहिणीच्या शेवटच्या अंशांत होता. महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ सर्वांना माहीत आहे, पण जगाच्या पातळीवर त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य विकत घेतलं आणि जगभरचे भाव भडकले. तिसरी फेरी २००१-०२ ची. २००१ मध्ये भारतातल्या सरकारी गोदामांत धान्याचे डोंगर होते आणि अन्नाच्या अधिकाराची याचिका सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी दाखल झाली. कोठार भरलेलं, गाडा थांबलेला. २००२ चा दुष्काळ मात्र या खात्यात घालू नका. जुलै २००२ मध्ये पाऊस दगा देत होता तेव्हा शनी मृगात गेला होता.

तीन फेऱ्या जुळल्या म्हणून हुरळून जाणं ही या विषयातली सगळ्यात मोठी चूक. उलट बाजू मांडल्याशिवाय लेख पुरा होत नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात शनी कुंभ-मीनेकडे होता. १९८४ मध्ये इथिओपियात माणसं उपाशी मरत होती तेव्हा तो तुळेत होता. आणि २०२२ मध्ये काळ्या समुद्रातली बंदरं बंद होऊन युक्रेनचं धान्य अडकलं, म्हणजे आपल्या वाक्यातला गाडा अक्षरशः थांबला, तेव्हा शनी मकर-कुंभेच्या सीमेवर, धनिष्ठेत होता. म्हणजे शनी रोहिणीत नसतानाही गाडा मोडतो. शनी रोहिणीत असताना मोडायला अनुकूल काळ असतो, एवढंच जास्तीत जास्त म्हणता येतं. तीन फेऱ्यांवरून त्यापलीकडे जाणं अप्रामाणिक आहे.

आता कामाची पद्धत. पहिली ठेच लागते ती सायन-निरयनात. सायन राशी वसंतसंपातापासून मोजतात, निरयन स्थिर ताऱ्यांपासून; दोन्हींतला फरक म्हणजे अयनांश. २०२५ मध्ये भारतात प्रचलित असलेला लाहिरी अयनांश साधारण २४ अंश १३ कला आहे, म्हणजे जवळजवळ एक आख्खी रास. १२ जानेवारी २०२० ची शनी-प्लुटो युती घ्या. सायन मानाने ती मकरेत २२ अंश ४६ कलांवर झाली. पाश्चात्त्य लिखाणात म्हणून शासन, संस्था, उतरंड असं सगळं मकरेचं वर्णन आलं. निरयन मानाने ती धनूच्या २८ अंश ३८ कलांवर, उत्तराषाढाच्या पहिल्या चरणात येते. युतीचा क्षण दोन्हीकडे एकच असतो, कारण दोन ग्रहांमधलं अंतर अयनांशाने बदलत नाही. राशीचा अर्थ मात्र पूर्ण बदलतो. इंटरनेटवर बरेच लेखक सायन मकरेचा अर्थ घेतात आणि नक्षत्र निरयन उत्तराषाढाचं घेतात. एका लेखात दोन मोजपट्ट्या चालत नाहीत. एक निवडा, पहिल्याच ओळीत लिहा, आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

दुसरी पायरी, चक्रांची लांबी. मोठ्या घटनेसाठी चंद्र-बुधाच्या योगांकडे पाहू नये. ते पोलिसाच्या शिट्टीसारखे असतात, रस्ता कुठे जातो ते सांगत नाहीत. गुरू-शनीची युती सुमारे २० वर्षांनी येते, शनी-नेपच्यूनची ३६ वर्षांनी, शनी-प्लुटोची ३१ ते ३८ वर्षांनी. शनी-प्लुटोच्या विसाव्या शतकापासूनच्या तारखा डोक्यात असाव्यात: ऑक्टोबर १९१४, ११ ऑगस्ट १९४७, नोव्हेंबर १९८२ आणि जानेवारी २०२०. पहिलीच्या वेळी पहिलं महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते. दुसरी भारताच्या फाळणीच्या चार दिवस आधी झाली. चौथीच्या वेळी महासाथ दारात होती. १९८२ ची युती मात्र या रांगेत सहज बसत नाही, आणि ती बसवण्याच्या खटाटोपात पडू नये.

प्लुटोच्या नावाचा एक सापळा मराठीत खास आहे. आपण त्याला यम म्हटलं की लगेच वाटतं, शनी आणि यम हे तर सूर्याचे मुलगे, एक छायेचा, एक संज्ञेचा. म्हणजे ही सावत्र भावांची भेट! कल्पना सुंदर आहे. पण ती आपल्या भाषांतरातून आली आहे, परंपरेतून नाही. १८ फेब्रुवारी १९३० ला सापडलेल्या या ग्रहाला नाव मिळालं रोमन पाताळदेवाचं, अकरा वर्षांच्या एका इंग्लिश मुलीने सुचवलेलं. तो देव जमिनीखालच्या संपत्तीचाही धनी आहे. यम हा धर्मराज, न्याय करणारा. दोघांची कामं वेगळी आहेत. प्लुटोनियम हे नाव १९४० च्या दशकात या ग्रहावरून पडलं, हे प्रतीक म्हणून जास्त वजनदार आहे, कारण नाव आणि वस्तू दोन्ही त्याच काळातल्या आहेत. युरेनियमचंही तसंच. हर्षल, म्हणजे युरेनस ग्रह, १७८१ मध्ये सापडला, युरेनियम १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी. हर्षलला उलथापालथीचं कारकत्व (त्या विषयाचं प्रतिनिधित्व) मिळालं ते मुख्यतः या काळावरून. ग्रीक कथेतला युरेनस स्वतःच मुलाकडून पदच्युत होणारा बाप आहे, बंडखोर नव्हे. म्हणजे नव्या ग्रहांचं कारकत्व ठरवताना कथा आणि शोधाचा काळ यांत कोण काय देतं हे तपासावं लागतं.

शनी-नेपच्यूनचं चक्र हे कथाप्रतीक आणि गणित यांच्या जुळणीचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. शनी म्हणजे सीमा, भिंत, कुंपण. नेपच्यून समुद्राचा देव, त्याला कुंपण माहीत नाही. युत्या झाल्या १९१७ मध्ये, १९५२-५३ मध्ये आणि १९८९ मध्ये तीनदा, शेवटची १३ नोव्हेंबरला. १९१७ ला रशियन राज्यक्रांती, १९५३ ला स्टालिनचा मृत्यू, ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली. फ्रेंच ज्योतिषी आंद्रे बार्बो यांनी पहिल्या दोन युत्यांवरून १९८९ हे साम्यवादी जगासाठी निर्णायक वर्ष असेल, असं १९५० च्या दशकातच लिहिलं होतं. मेदिनीय ज्योतिषातलं हे सर्वात गाजलेलं भाकीत. पण त्याच अभ्यासकांच्या वर्तुळात पाच मंद ग्रहांच्या दहा जोड्यांमधली अंतरं बेरीज करून जो निर्देशांक काढतात, त्याच्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या खोल दरीवरून महायुद्धाची भीती घातली गेली होती, आणि ते युद्ध झालं नाही. यशाचं भाकीत सांगणाऱ्याने अपयशाचंही त्याच पानावर सांगावं. या चक्रातली पुढची युती २० फेब्रुवारी २०२६ ची: सायन मेषेच्या पहिल्याच अंशात, निरयन मीनेच्या साडेसहा अंशांवर, उत्तराभाद्रपदात. या नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य, तळाशी राहणारा सर्प. निरयन पद्धतीने वाचणाऱ्याने इथे ‘नवी सुरुवात’ हा मेषेचा अर्थ आणू नये. तळ, खोली, पाण्याखालचा आधार हे शब्द त्याचे आहेत.

गुरू-शनीच्या २१ डिसेंबर २०२० च्या युतीत ग्रहयुद्धाचा नियम नीट लावून पाहण्यासारखा आहे. दोघांत फक्त सहा कलांचं अंतर होतं. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. एक अंशाच्या आत आले की ग्रहयुद्ध धरतात, आणि बृहत्संहिता त्याचे चार प्रकार सांगते: भेद, उल्लेख, अंशुमर्दन, अपसव्य. जिंकलं कोण? सर्रास नियम सांगितला जातो की उत्तरेचा ग्रह जिंकतो. त्या दिवशी शनी उत्तरेला होता, म्हणून अनेकांनी शनीचा जय लिहून टाकला. पण वराहमिहिर पुढच्याच श्लोकात सांगतो की मोठा, स्निग्ध, तेजस्वी ग्रह दक्षिणेला असला तरी विजयी. गुरू शनीपेक्षा दहा पटींनी तेजस्वी होता. जय गुरूचा. मात्र तो मकरेत, आपल्या नीच राशीत, आणि तीही प्रतिपक्षाच्या घरात लढत होता. म्हणजे ज्ञान, गुरुजन, तज्ज्ञ यांचा विजय, पण थकलेला, परक्या मैदानावरचा. श्लोक अर्धा वाचला की निकाल उलटा लागतो, तो असा.

घटना कुठे घडेल ती जागा ठरवायला कूर्मचक्र आहे, म्हणजे नक्षत्रांची दिशांना केलेली वाटणी: कृत्तिका, रोहिणी, मृग मध्यदेशात, आर्द्रापासून तीन पूर्वेला, आणि असंच तीन-तीन नक्षत्रांनी फिरत रेवती, अश्विनी, भरणी ईशान्येला. यावर मी फार वेळ घालवत नाही. ते भारतवर्षापुरतं आहे. जगाला ताणून लावलं तर २६ डिसेंबर २०१९ चं मूळ नक्षत्रातलं सूर्यग्रहण पश्चिमेकडे बोट दाखवतं आणि २०२० ची युती वायव्येकडे. साथ मात्र पूर्वेकडून आली.

वर्षाचा राजा-मंत्री काढणं सोपं: चैत्र शुक्ल प्रतिपदेचा वारेश (त्या वाराचा स्वामी ग्रह) राजा, निरयन मेष संक्रांतीचा वारेश मंत्री. चूक होते ती वारात. २०२५ ची मेष संक्रांती १४ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या आसपास झाली. घड्याळाने तो सोमवार, पण वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून रविवारच. राजाही रवी, मंत्रीही रवी. सोमवार धरणाऱ्याचा मंत्री चंद्र झाला आणि सगळं वर्षफल ओलं झालं.

ग्रहांची गर्दी पाहून घाबरवणं हा सगळ्यात जुना दोष. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकरेत आठ ग्रह जमले, ५ तारखेला सूर्यग्रहणही होतं, आणि प्रलयाच्या भीतीने ठिकठिकाणी यज्ञ झाले. काही घडलं नाही. मग ऑक्टोबरात क्युबाचं संकट आणि भारत-चीन युद्ध आल्यावर तेच अष्टग्रहीचं फळ म्हणून सांगितलं गेलं. आठ महिन्यांची मुदत आधी कोणी लिहिली नव्हती. मुदत नंतर वाढवली की कोणतंही भाकीत खरं ठरतं.

म्हणून वही ठेवा, आणि नोंद घटनेआधी करा. शनी २०३० च्या जुलैच्या सुमारास पुन्हा रोहिणीत येतो आणि २०३१ च्या मध्यापर्यंत तिथे असतो. नोंदीचा नमुना असा: अयनांश लाहिरी, काळ या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, मागेपुढे एक महिन्याची सूट आणि त्याहून जास्त नाही, शर सुमारे दोन अंश दक्षिण, म्हणून शकटभेद नाही, तो शब्द वापरायचा नाही. प्रतीक-वाक्य: धान्याची वाहतूक किंवा वितरण मोडणं, आणि त्यात राज्यकर्त्यांचा थेट हस्तक्षेप. काय घडलं तर बरोबर, हे मोजता येईल असं लिहा, जसं मोठ्या निर्यातदार देशाने निर्यात बंद करणं किंवा मोठा धान्यमार्ग काही आठवडे ठप्प होणं. ‘कुठेतरी मोठा भूकंप’ असलं वाक्य चालणार नाही; ७ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतातच. शेवटच्या रकान्यात, शनी रोहिणीत नसलेल्या मागच्या दहा वर्षांत तुमच्या प्रतीक-वाक्यातली घटना किती वेळा घडली, तो आकडा आधी भरा. तिथे २०२२ येईल. तो खोडायचा नाही.